नारळावरचा हात

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. चोरी एका सालची आठवते आणि चोर भलत्याच सालचा. एक केस मात्र वारानिशी लक्षात आहे, आणि गंमत म्हणजे तिची फाइलच झाली नाही. गुन्हाच नोंदवला गेला नाही तर फाइल कुठून होणार? पण त्या रविवारी माझ्या टेबलावर, शाईच्या दौतीशेजारी, एक शेंडीचा नारळ ठेवला होता, आणि तो अजून डोळ्यांपुढून जात नाही.

सत्तरच्या दशकाची पहिली वर्षं. मी फौजदार म्हणून पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात होतो. हद्द विक्रोळीच्या कारखान्यांपासून खाडीपर्यंत. एकीकडे भोंगे, दुसरीकडे तिवरांची झाडी आणि मधे चाळी. चाळीतली माणसं बहुतेक कोकणातली, गिरण्या सोडून इकडे कारखान्यात लागलेली. मी साताऱ्याकडचा. त्यांची भाषा कानाला लागायला मला वर्षभर लागलं, स्वभाव कळायला त्याहून जास्त. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्या घरातली माणसं अजून त्याच भागात राहतात आणि सुखात आहेत.

शुक्रवारी सकाळी एक साठीकडे झुकलेले गृहस्थ ठाण्यात आले. कारखान्यात चेकर होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. थोरला मुलगा काल संध्याकाळपासून घरी आला नव्हता. ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घ्यायला सुरुवात केली. वय बावीस, रंग सावळा, अंगात पांढरा बुशशर्ट. एवढ्यावर काम भागलं असतं, पण गृहस्थ थांबेनात. मुलगा इंजिनियरिंगचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झाला आहे, चाळीत पेढे वाटून झाले आहेत, पंधरा दिवसांवर साखरपुडा आहे, सुपारी कधी तोंडात घातली नाही. अंमलदार बिचारा लिहीतच राहिला. शेवटी मी विचारलं, आणखी मुलं किती? तेव्हा म्हणाले, एक आहे धाकटा. घाटकोपरला गॅरेजमध्ये असतो. म्हणजे थोरल्यावर पंधरा मिनिटं बोललेला माणूस धाकट्यावर एक वाक्य बोलला.

शनिवारी खाडीच्या बांधावर थोरल्याच्या चपला सापडल्या. एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. पुढे चिखलात कोणीतरी उतरल्याच्या, घसरल्याच्या, ओढाओढीच्या खुणा. आम्ही पंचनामा केला, खाडीवरच्या दोन होड्या शोधाला लावल्या. काही हाती लागलं नाही. चपला घेऊन मी चाळीत गेलो, तर आईने त्या नुसत्या हातात धरल्या आणि भिंतीला टेकून खाली बसली.

चाळीत चौकशी केली की एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत कळते, ती म्हणजे कोणाचं कोणाशी पटत नाही. शेजाऱ्यांचे जबाब सगळे एकाच दिशेने निघाले. बापाचं एक वाक्य अख्ख्या चाळीला पाठ होतं, “थोरल्याच्या पायाचा तीर्थ घे.” धाकटा मॅट्रिकला दोनदा आपटला तेव्हा हेच. गॅरेजातून ग्रीसने माखलेला आला की हेच. नळावर, जिन्यात, पाहुण्यांपुढे, जेवताना. आणि बुधवारी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण धाकट्याचं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं, “मग जा ना, खाडीत जाऊन मर!”

त्याच दुपारी माझा एक खबऱ्या आला. हायवेजवळ त्याची पानाची टपरी होती. त्याची खबर अशी, की गुरुवारी दिवस मावळायच्या सुमारास धाकटा एकटाच खाडीच्या रस्त्याने आला. कमरेपर्यंत चिखल, दंडावर ओरखडे आणि मनगटावर थोरल्याचं घड्याळ. ते घड्याळ टपरीवाला ओळखत होता, कारण थोरला पास झाल्यावर बापाने ते घेतलं आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना दाखवलं होतं.

आता सांगा, पोलिसाने काय समजायचं?

मी समजलो ते समजलोच. आमचे मोठे साहेब तर म्हणाले, हेतू आहे, धमकी आहे, वस्तू आहे, प्रेत दोन दिवसांत वर येईल. धाकट्याला आणा, कबुली घ्या आणि रविवार संध्याकाळपर्यंत तीनशे दोन दाखल करा. मी रविवारी सकाळी त्याला आणायला हवालदार पाठवणार, एवढ्यात बापच त्याला दंडाला धरून दारात उभा. इस्त्रीचा शर्ट तोच, पण बटणं खालीवर लागलेली.

“ह्येका आत घाला, सायबानू,” तो म्हणाला. “माझ्या झिलाक ह्येनाच मारल्यान.”

बाप मुलाला सोडवायला येतो हे मी शंभरदा पाहिलं होतं. सख्ख्या पोराला खुनात द्यायला आलेला बाप पहिल्यांदाच पाहिला. मी विचारलं, कशावरून म्हणता? त्याने सांगितलं ते असं. सकाळी त्याने घरच्या देवापुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणं घालून साकडं घातलं, चार शेजारी बोलावले आणि धाकट्याला म्हणाला, यावर हात ठेवून शपथ घे. धाकटा पुढे झाला, हात नारळापर्यंत नेला आणि मागे घेतला. दोनदा असं झालं. चाळीने काय ते ओळखलं. आई आत जाऊन आडवी झाली ती अजून उठली नव्हती.

मी बापाला बाहेर बाकावर बसवलं आणि धाकट्याला आत घेतलं. वीस वर्षांचं पोरगं, नखांत काळं ऑइल. खिशात लपवलेलं थोरल्याचं घड्याळ काढून घेऊन मी ड्रॉवरमध्ये टाकलं. भावाशी भांडलास? हो. त्याला मर म्हणालास? हो. गुरुवारी खाडीवर गेला होतास? हो. भाऊ कुठे आहे? यावर मात्र गप्प. नाही म्हणेना, माहीत नाही म्हणेना, मेला म्हणेना आणि मारला म्हणेना. तास दीड तास असाच गेला. मी तसा तापट माणूस. एक कानफटात ठेवून दिली. त्याने गाल चोळला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “साहेब, किती वाजले?”

मला वाटलं, हा मस्ती करतोय. आज हे लिहिताना त्या थपडेची लाज वाटते, म्हणूनच ते गाळत नाही.

बारा वाजता त्याला उसळपाव दिला. त्याने उसळ खाल्ली आणि पाव कागदात गुंडाळून ठेवला. सव्वाबाराला त्याने हवालदाराला वेळ विचारली. पाऊण वाजता पुन्हा विचारली. एकला पुन्हा. आता लॉकअपच्या वाटेवरची माणसं मी बरीच पाहिली होती. कोणी रडतं, कोणी पाया पडतं, कोणी भिंतीकडे तोंड करून झोपतं. आपल्या हातून माणूस मेला असेल तर घड्याळाशी काही देणंघेणं राहत नाही. वेळ तोच विचारतो ज्याला कुठेतरी पोचायचं असतं. हे माझ्या डोक्यात आलं खरं, पण त्याचं काय करायचं ते सुचेना.

मी हवालदाराला चहा सांगितला आणि समोर बसवला. तो सावंतवाडीकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आणि चौघांत मला साहेब म्हणणारा असला तरी एकट्यात मोठ्या भावासारखा बोलायचा. मी म्हटलं, या नारळाचं एवढं काय घेऊन बसलात? खुनी माणूस काय नारळाला घाबरतो?

“सायबानू, तुम्ही घाटावरचे, तुमका ता कळूचा नाय,” तो म्हणाला. कोर्टात गीतेवर हात ठेवून बेलाशक खोटं बोलणारी आमच्याकडची माणसं नारळावर हात ठेवून खोटं बोलणार नाहीत, असं त्याने मला समजावलं. देवाचा नारळ म्हणजे गावचा देव, आजे-पणजे, सगळे आलेच. तिथे मुंबईत जन्मलेलं पोरगंही कचरतं.

मग मी विचारायला हवं होतं ते विचारलं. बापाने शपथ कोणत्या शब्दांत घ्यायला सांगितली होती?

हवालदार बाहेर जाऊन बापाला विचारून आला. शब्द होते, “भावाचा काय झाला, ता माका ठावक नाय.”

खून केलेल्याला या शब्दांवर हात ठेवता आला नसता, हे खरं. पण भाऊ धडधाकट आहे आणि कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाही तो ठेवता आला नसता. बापाने खरंखोटं करायला देव मधे घातला आणि प्रश्नच असा घातला की पोरगं दोन्हीकडून अडकलं. चूक अशी की ती नारळाला एवढं मानणाऱ्या माणसांच्याच हातून व्हावी. आणि चाळीत एकानेही विचारलं नाही की बाबा रे, दुसरे काही शब्द घालून बघ.

मी बापाला घरी पाठवून तोच नारळ मागवला. चाळ दहा मिनिटांवर होती. तो धुतलेल्या पंच्यात नारळ घेऊन आला, तेव्हा दीड वाजून गेला होता. त्याला बाहेरच थांबवलं. टेबलावरचे कागद बाजूला केले, नारळ ठेवला, बूट काढले, हवालदारानेही काढले. मग धाकट्याला समोर उभं केलं.

“हात ठेव,” मी म्हटलं, “आणि म्हण, माझा भाऊ जिवंत आहे.”

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचे दोन्ही हात नारळावर होते. “जिवंत आहे, साहेब. जिवंत आहे,” तो म्हणाला आणि तिथेच टेबलाला धरून हमसून रडायला लागला. मी खुर्चीत बसलो. हवालदार खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होता.

पण कुठे आहे, म्हटल्यावर त्याने हात झटकन मागे घेतले. थोरल्याने त्याला कुलदैवताची शपथ घातली होती, की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि आता पोराची खरी भीती बाहेर आली. रोज बाराच्या आत तो भावाकडे डबा घेऊन जात होता. आज दोन वाजत आले होते. “तो एकटा असला की डोक्यात काहीबाही घेतो, साहेब. मी येणार नाय असं त्याला वाटलं तर?” एवढंच तो बोलला.

शपथ मोडायला लावणं माझ्या जिवावर आलं, आणि वेळ तर नव्हताच. मी म्हटलं, शपथ तोंडाची आहे ना? मग तोंड बंद ठेव. तू चालायला लाग, मी मागून येतो. त्याने क्षणभर विचार केला, डोळे पुसले आणि म्हणाला, बाबा नकोत. मी म्हटलं, नाहीत.

हवालदाराला बरोबर घेऊन जीप काढली. तो पुढे बसला आणि हाताने वळणं दाखवत राहिला, डावं, उजवं, सरळ. तोंडातून अवाक्षर नाही. भांडुप मागे टाकून आम्ही मुलुंडला पोचलो. स्टेशनच्या मागच्या अंगाला ट्रकच्या बॉड्या बांधायचा एक छोटा कारखाना होता. तिथला सुतार मिस्त्री धाकट्याच्या गॅरेजातल्या ओळखीचा. मागे पत्र्याची खोली होती. धाकटा धावत गेला, दार ढकललं आणि तसाच उभा राहिला. खोली रिकामी होती. चटई गुंडाळलेली, कालचा डबा धुऊन पालथा घातलेला.

धाकटा पांढराफटक पडला. हवालदार कारखान्यात विचारायला वळला, आणि तिकडूनच त्याची हाक आली.

एका नव्या ट्रकच्या मागे, बादली उलटी घालून, थोरला बसला होता. हातात ब्रश, मागच्या फळीला हिरवा रंग देत होता. कपाळावर रंग, कानावर रंग. सकाळपासून भाऊ आला नाही, डोकं फिरायला लागलं, म्हणून तो स्वतःच मिस्त्रीकडे गेला आणि काहीतरी काम दे म्हणाला, असं मिस्त्रीने मला मागाहून सांगितलं. त्या मिस्त्रीचे मी किती उपकार मानले असतील ते माझं मला ठाऊक. धाकट्याने जाऊन भावाच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

हकिगत अशी होती. थोरला पास झालाच नव्हता. शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा नापास झाला होता. निकालाच्या दिवशी बाप दारातच पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता, आणि ते बघून त्याच्या तोंडून “पास” निघून गेलं. त्यावर घड्याळ आलं, त्यावर स्थळ आलं, त्यावर साखरपुडा. बुधवारी धाकट्याला मार्कांचा कागद सापडला. तो म्हणाला, बाबांना सांगून टाक. थोरला म्हणाला, त्यापेक्षा मेलेलं बरं. तेव्हा रागाच्या भरात धाकटा ते वाक्य बोलून गेला. आणि बोलल्याक्षणापासून त्याला चैन पडेना. गुरुवारी थोरला खाडीच्या रस्त्याला लागलेला दिसला, तसा तो मागे मागे गेला आणि कमरेएवढ्या चिखलातून त्याला ओढून काढला. बांधावर काढून ठेवलेलं घड्याळ हरवू नये म्हणून मनगटावर चढवलं, आणि चपला मात्र विसरला. ते घड्याळ आणि त्या चपला पोराला फासापर्यंत नेत होत्या. भावाला तिवरांत बसवून तो टेंपो बघायला एकटाच हायवेवर आला, तेव्हाच टपरीवाल्याला दिसला, आणि अंधार पडल्यावर त्याने भावाला मुलुंडला नेऊन ठेवलं.

परत येताना जीपमध्ये मी धाकट्याला विचारलं, तू थप्पड खाल्लीस, बापाचे शाप खाल्लेस, खुनात जात होतास. एवढं कशाला सोसलंस? तो खांदे उडवून म्हणाला, “साहेब, नापास झाल्यावर काय करायचं ते मला माहीत आहे. शिव्या खायच्या, जेवायचं, झोपायचं, सकाळी कामावर जायचं. त्याला कोणी शिकवलंच नाय.”



ठाण्यात बाप बाकावर बसून होता. थोरल्याला बघून तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. पोराचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, हाताला हिरवा रंग लागला. मी दोघा भावांना समोर उभं करून बापाला सगळं सांगितलं, थोरला नापास झाल्याचंही. मला वाटलं होतं, म्हातारा भडकेल. तो थोरल्याला एवढंच म्हणाला, “जितो आसस ना, बस झाला.” आणि चेहरा पंच्यात खुपसून रडला.

हवालदाराने विचारलं, या नारळाचं आता काय करायचं? बाप म्हणाला, फोडा. ठाण्याच्या पायरीवर हवालदाराने नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले. अंमलदाराला, मला, आत लॉकअपमध्ये बसलेल्या दोन खिसेकापूंनाही. तुकडा हातात घेऊन बाप धाकट्याकडे बघत राहिला. काहीतरी मोठं बोलायचं होतं त्याला, आणि आयुष्यभर एकच बोलणं सवयीचं. तो थोरल्याकडे वळला आणि म्हणाला, “बघ. आतापासून तू ह्येच्या पायाचा तीर्थ घे.”

धाकटा चावता चावता थांबला.

“बाबा, नको,” तो म्हणाला. “परत तेच सुरू करू नका. खोबरं खा.”

पहिल्यांदा हसला तो थोरला. मग हवालदार. मग सगळेच, बापसुद्धा, डोळे पुसता पुसता.

बाप दोन्ही पोरांना घेऊन घरी आईकडे गेल्यावर मी मिसिंगची नोंद बंद केली. “सदर इसम सुखरूप मिळून आला.” नोकरीत हजारो वाक्यं लिहिली, त्यांत हे सगळ्यात आवडतं. मोठे साहेब थोडे नाराज झाले, मग त्यांनीही उरलेलं खोबरं मागून घेतलं. पुढे बापानेच मुलीच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं, साखरपुडा वर्षभर पुढे गेला आणि थोरला तिसऱ्या खेपेला पास झाला. धाकटा गॅरेजातच राहिला. त्याला तेच आवडत होतं, पण हे त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

मला या केसने शिकवलं ते ठाण्यापेक्षा घरी जास्त उपयोगी पडलं. उत्तर चुकीचं वाटलं की आधी आपला प्रश्न तपासावा, हे मी पुढे नव्या फौजदारांना नेहमी सांगत आलो. पण त्याहून दुसरी गोष्ट मोठी होती. आपण दोन पोरांपैकी एकाला सारखं वर ठेवतो, तेव्हा खालच्याचं काय होतं ते सगळ्यांना दिसतं. वरच्याला खाली उतरायला जिना ठेवलेला नाही, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. आणि मी हे दुसऱ्याच्या बापाबद्दल लिहीत नाही. मलाही दोन मुलगे. थोरल्याचं अक्षर मोत्यासारखं, आणि धाकट्याची वही उघडली की माझं वाक्य ठरलेलं असायचं, दादाचं अक्षर बघ जरा.

त्या संध्याकाळी घरी गेलो. धाकटा पाटावर वही घेऊन बसला होता. मी येताना दिसलो तशी त्याने वही अर्धी मांडीखाली सरकवली. आजवर हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी टोपी काढली, त्याच्याशेजारी खाली बसलो आणि वही मागितली. अक्षर नेहमीसारखंच, कोंबडी नाचून गेल्यासारखं. ठरलेलं वाक्य जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, “काय लिहिलंयस, वाचून दाखव की.”

त्याने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग वाचायला लागला.